समई कुणाच्या हातची

धोंडप्पांच्या घरात घड्याळापेक्षा समईचा मान मोठा. देव्हाऱ्यात ती लागली की पोरींनी घरात यायचं, मग मैदानावर डाव कितीही रंगलेला असो. मुलग्यांना हा नियम नव्हता. ते अंधारात धडपडले तर गुडघेच फुटतात, असं धोंडप्पा म्हणायचे. पोरींचं काय फुटतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

समई लावायची ती सून दानेश्वरी. हिवाळ्यात लवकर अंधारतं, तेव्हाची वेळ हाताला बसली आणि तीच बारा महिने चालली. त्यामुळे उन्हाळ्यात अंगणात लख्ख ऊन असतानाच समई लागायची आणि तिची लेक सिद्धेश्वरी दिवसाउजेडीच घरात कोंडली जायची. पोर खो-खोत वाऱ्यासारखी. शाळेच्या संघाची निवड तोंडावर आलेली, सरावाला मिळायची ती फक्त संध्याकाळ, आणि संध्याकाळ तर खिडकीत बसून भावाचा खेळ बघण्यात जायची.

एकवीस जूनला सिद्धेश्वरी शाळेतून सांगत आली की आज वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सांगून झालं, तिनं दप्तर ठेवलं आणि मुकाट खिडकीशी जाऊन बसली. दानेश्वरीला ते बघवेना. मग राग आला, आणि तो काही केल्या जाईना.

ती तडक शेजारच्या झीनतकडे गेली. झीनतकडेही तीच तऱ्हा, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत पोरी घरात. दानेश्वरी म्हणाली, संक्रांतीला सूर्य उत्तरेला निघतो तर अख्खं सोलापूर सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागं चालतं. आज तो मुक्कामाला पोचला तर त्याला साधं पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. सण नसेल तर आपण करू, असं दोघींनी तिथंच ठरवलं.

मृग कोरडाच गेला होता, आभाळ मोकळं होतं. मैदानाच्या कडेला चादरी पडल्या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली, झीनतनं सरबताचं पातेलं आणलं. गल्लीतल्या आया एकीकडे, लेकी दुसरीकडे, असा खो-खो सुरू झाला. पदर खोचून पळताना दानेश्वरीला धाप लागत होती, पण थांबायचं नाव नाही. मुलगे आज पाणी वाटत होते.

रोजची वेळ टळली तसे धोंडप्पा मैदानावर आले.

"दानेश्वरी, दिवा ऱ्हायला की."

"ऊन हाय की अजून, अप्पा. ऊन असताना दिवा कशाला?"

स्वतःच लावतो म्हणून ते तरातरा घरी गेले. पण तेल कुठं, वाती कुठं, हे त्या घरात जन्म काढूनही त्यांना ठाऊक नव्हतं. शोधाशोधीत नुसत्याच काड्या जाळून ते परत आले तेव्हा सूर्य बुडाला होता. अजान झाली तशी झीनत नमाजाला उठली आणि जाताना लेकीला सांगून गेली, मी येईपर्यंत खेळत राहा.

"आता तरी?" धोंडप्पा म्हणाले.

डाव थांबला. रांगेत उकिडवी बसलेली सिद्धेश्वरी सवयीनं उठू लागली. दानेश्वरी पुढं आली. सासऱ्यांसमोर इतकं तोंड तिनं कधी उघडलं नव्हतं.

"बस खाली," ती लेकीला म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "अप्पा, आजवर दिवा लागला म्हणून पोर घरात आली. आजपासनं पोर घरात आली की दिवा लागंल. तीच लावंल."

"आन उद्यापासनं दिवस लहान व्हणार, तवा?"

"दिवस होऊ द्या लहान. माझी पोर न्हाय होणार."

तेवढ्यात मागून सिद्धेश्वरीच्या पाठीवर थाप पडली, खो मिळाला, आणि पोर सुटली.

धोंडप्पा घरी परतले. घरात अंधार होता. दिवेलागण नाही तर संध्याकाळची प्रार्थना नाही, आणि प्रार्थना नाही तर जेवण नाही, हाही त्यांचाच नियम. ते उंबऱ्यावर बसून पोरीची वाट बघू लागले.

बऱ्याच वेळानं सिद्धेश्वरी धुळीनं माखून आली. उंबऱ्यावरून तिला आत जाता येईना, तेव्हा धोंडप्पांनीच अंग चोरून वाट दिली. तिनं हातपाय धुतले आणि समई लावली.