न मागितलेला कौल

जैतुनाचे फळ तिच्या दोन बोटांत होते. काळसर, सुरकुतलेले, देठापाशी मिठाचा कण अडकलेला... हे बरणीतून आपण कधी काढले, ते निकासोला आठवेना. आज तर उपास होता, सबंध ख्रिस्ती मंडळीचा. मंडळीचा नवा वडील, म्हणजे तिचा पुढारी, नेमायच्या दिवशी उपास धरायचा, प्रार्थना करायची आणि मग ज्याच्याकडे मन वळेल त्याच्यासाठी हात वर करायचा, ही किंख्रिया बंदराची रीत. म्हातारा एपिगोनोस निवडला गेला तेव्हा नवरा तिच्या शेजारी उभा होता. बंदरावरच्या गुलामांनीही हात वर केले होते — दोर ओढून सोलवटलेले हात, आणि त्या हातांना मालकांच्या हातांइतकाच मान होता.

एपिगोनोस आता गेला. या वेळी नाव करिंथच्या मोठ्या मंडळीकडून ठरूनच आले होते : स्त्रातोन. मग हा उपास कशासाठी? माणसांनी ठरवलेले देवाला कळवण्यासाठी?

तिने फळ तोंडात टाकले.

"अगं बाई! खाल्लंस?" जात्यावरून थेओनिस ओरडली. दोघी विधवा, दोघींची भाकर मंडळीच्या टोपलीतून यायची. "उद्यापासून ती टोपली स्त्रातोनच्या हातात आहे, कळतंय ना? हे तुझं तोंड तुला उपाशी मारणार."

"म्हणून तर आज खाऊन घेतलं."

थेओनिसला हसू फुटले, आणि लगेच तिने घाबरून दाराकडे पाहिले.

स्त्रातोन वाईट होता का? नवऱ्याच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता, आपल्या घराचा सोपा मंडळीला उघडा करून दिला होता... मग मला सलते काय? मत्सर? की म्हातारपणाचा हेका? दळताना, पाणी भरताना ती स्वतःला खोदखोदून विचारत राहिली, आणि दर वेळी हाताला एकच गोष्ट लागत होती — मला कुणी विचारले नाही.

दिवेलागणीला त्याच सोप्यात सारे जमले. करिंथहून आलेले लिसान्द्र शांतपणे बोलले : प्रभूच्या प्रेषितांनी काहींना नेमले, त्यांनी पुढे दुसऱ्यांना, हातावरून हातावर आलेला हा अधिकार आहे. मग गुडघे टेकलेल्या स्त्रातोनच्या मस्तकावर हात ठेवून ते म्हणाले, "हा योग्य आहे!"

आता साऱ्यांनी तेच म्हणायचे होते. ओठ हललेही होते.

"लिसान्द्रदादा," निकासोचा आवाज आला, "विचारताय, की सांगताय?"

कुणीतरी खोकले. थेओनिसने तिचा पदर ओढला.

"बाई, प्रभूनं ठरवलंय."

"मग आम्हाला कशाला बोलावलंत? ऐकायला?"

टोपली, उद्याची भाकर, हिवाळा — सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. पण ती खाली बसली नाही. स्त्रातोनने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यालाही कुणी निवडावे, अशी काहीतरी जुनी इच्छा तिथे उघडी पडली होती... आणि तिला लख्ख कळले, की विचारले असते तर मी याच्यासाठीच हात वर केला असता. या कळण्याने मन निवेल असे तिला वाटले होते. उलट ते अधिकच ताठ झाले. हात तिचा होता. तो तिने अंगाशी घट्ट धरून ठेवला, आणि समोर पाहत राहिली.