चिलर आणि थोरलीचा कान

घरातल्या मोठ्या सुनेला सगळे थोरलीच म्हणत. तिचा गळा हीच तिची कमाई. ती पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि ते काम चालायचं आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात, तीन बाजूंनी उभ्या केलेल्या गाद्यांच्या आडोशाला. दुसऱ्या कोपऱ्यात तिच्या नवऱ्याचा कॉम्प्युटर. नवऱ्याला घरीदारी दादाच म्हणत. अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यावर कशा दिसतील, त्याची चित्रं दादा करून द्यायचा. एकेका चित्रासाठी कॉम्प्युटर तासन्‌तास राबायचा, तापायचा, आणि मग त्याचे पंखे असे सुटायचे की खोलीतून आता विमान उडतंय असं वाटावं.

म्हणून दोघांनी पाळ्या लावल्या होत्या. तिचं वाचन चालू असलं की त्याचा कॉम्प्युटर बंद, आणि त्याचं चित्र लागलं की ती स्वयंपाकघरात. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एकाच वेळी दोघांच्याही हातात मोठं काम आलं. त्याच्याकडे एका अख्ख्या हॉस्पिटलची चित्रं, तिच्याकडे एक जाडजूड कादंबरी, आणि तीही अशी की सगळ्या पात्रांचे आवाज तिनं एकटीनंच काढायचे. असं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. पाळ्या मोडल्या. नमुना ऐकून दिग्दर्शिकाबाईंनी फोनवर गोडीत सांगितलं, "वाचन सुरेख आहे. पण मागे काहीतरी घूं घूं येतंय. असंच येणार असेल तर मला स्टुडिओतल्या कुणाला तरी द्यावं लागेल."

त्या दिवशी जेवताना थोरलीनं ते दादाच्या कानावर घातलं. त्यानं लगेच चिलर मागवला.

"फ्रिजच समज ना," तो खुलून सांगायला लागला. "पाणी गार करायचं, नळीतून कॉम्प्युटरमध्ये फिरवायचं, तापलं की परत गार. पंख्यांचं काम संपलं."

चिलर आला तो लहान ट्रंकेएवढा. दादानं दिवसभर खपून नळ्या जोडल्या आणि बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा भराभर उतरला. "चाळीस," दादा म्हणाला. "एवढ्या कामाला नुसतं चाळीस डिग्री." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की थोरलीला बोलवेना. कारण पंखे गेले होते, पण चिलरचा कॉम्प्रेसर घरघरत होता. सासूबाईंना एरवी दारावरची बेल ऐकू येत नसे. त्यांनी बाहेरून विचारलं, "खाली ट्रक उभा आहे का गं कुणाचा?"

शिवाय खोली तापली. पाण्यातली सगळी उष्णता चिलर मागच्या बाजूनं खोलीतच ओकत होता.

"अहो, फ्रिजचं दार उघडं ठेवून कधी स्वयंपाकघर गार झालंय का?" थोरलीनं विचारलं.

"होईल सवय," दादा म्हणाला.

पुढच्या दमट दिवशी गार नळ्यांना घाम फुटला. थेंब टपटप आत पडले आणि कॉम्प्युटर बंद पडला. नशीब बलवत्तर म्हणून मेमरीची एक पट्टी जळण्यावरच निभावलं. मग दादानं पाणी कमी गार ठेवलं, जवळजवळ खोलीएवढंच.

"खोलीएवढंच ठेवायचं, तर फ्रिज हवा कशाला?"

"कामाचा वेग थोडा वाढतो ना."

"किती?"

दादानं घसा साफ केला. "दर दीड तासामागे पाचेक मिनिटं वाचतात."

थोरली हसली नाही. तिला कादंबरी हातातून जाताना दिसत होती. ती गाद्यांमध्ये जाऊन बसली, हेडफोन चढवले आणि नुसतीच ऐकत राहिली. ऐकण्यातच तिची हयात गेली होती. थोड्या वेळानं तिला जाणवलं की घरघर सलग नाहीये. पाणी ठरलेल्या आकड्याला आलं की कॉम्प्रेसर थांबतो, आणि मग उरते ती पंपाची कुजबुज. माइकला ती पकडताही येत नव्हती.

दादा हॉस्पिटलवाल्यांना भेटायला गेला होता आणि चित्र चालूच होतं. तिनं चिलरवरचा पाण्याचा आकडा सरळ पस्तीसवर नेला आणि पडद्यासमोर उभी राहिली. कॉम्प्युटरच्या चिपचा आकडा साठच्या पुढे जाऊन थांबला. चित्र आपलं खुशाल पुढे सरकत होतं. पस्तीस डिग्रीचं पाणी या कॉम्प्युटरला चालत होतं, आणि तेवढ्यासाठी कसलाच फ्रिज लागणार नव्हता.

तिनं धाकट्या दिराला फोन लावला. त्याचं गॅरेज होतं.

"भाऊजी, गाडीचं इंजिन गार कसं राहतं हो?"

"रेडिएटरनं, वहिनी. पाणी फिरतं, वारा लागतो."

"त्यात कुठे फ्रिज असतो?"

"वहिनी, गाडी घेतलीत की काय?"

संध्याकाळी धाकटा एक कोरा तांब्याचा रेडिएटर आणि एक मोठा, संथ फिरणारा पंखा घेऊन आला. दादा आधी गाल फुगवून बसला. पण धाकट्यानं खिडकीच्या चौकटीला ड्रिल लावताच त्याला राहवेना. "थांब, वाकडं जाईल," म्हणत त्यानं मशीन हातात घेतलं आणि भोकं अशी सुबक पाडली की पाहत राहावं. रेडिएटर, पंखा आणि पंप बाल्कनीत गेले, नळ्या चौकटीतून आत आल्या. चिलर नुसता कोपऱ्यात उभा राहिला.

थोरली गाद्यांमध्ये शिरली. "लावा की आता. हॉस्पिटलचं सगळ्यात जड चित्र लावा."

"केव्हाच लावलंय," दादा हळूच म्हणाला.

तिनं हेडफोन कानावर दाबले. काही नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू आला.

"चौसष्ट," दादानं आकडा वाचला. "चिलरवर चाळीस होतं."

"चौसष्टला जळतो का तो?"

"छे, पंच्याऐंशीपर्यंत काही होत नाही."

"मग ते चाळीस तुम्ही कुणाला दाखवणार होतात?"

धाकटा खो खो हसला, आणि मग दादाही. "ज्यांना वेगाचे विक्रम करायचेत त्यांनी घ्यावा चिलर," तो मान्य करत म्हणाला. "घरात त्याचं काही काम नाही."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच वेळी सुरू झाली. थोरली म्हातारी झाली, खलनायक झाली, सहा वर्षांचं पोर झाली. पहिला भाग पाठवला आणि दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. "मागे अगदी निवांत आहे. कुठला स्टुडिओ घेतलात?"

"आमची आतली खोली," थोरली म्हणाली.

बाई हसल्या. "मग पुढच्या दोन कादंबऱ्याही तिथेच करा."

चिलर गार पाण्यातले मासे पाळणाऱ्या एका गृहस्थांनी नेला. त्यांच्या माशांना त्याची खरीच गरज होती. आणि थोरली कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाला आली. त्यात नायिका भरसभेत उठून सगळ्यांना खडे बोल सुनावते. थोरली उभी राहिली, पदर खोचला आणि छाती भरून आवाज लावला. पलीकडच्या पडद्यावर हॉस्पिटलच्या खिडक्या एकामागून एक उजळत होत्या. दादा काम विसरून, हनुवटीला हात लावून ऐकत बसला होता.