हप्त्याची रंगीत तालीम

मल्लिनाथला तीन बेडरूमचाच फ्लॅट हवा होता. का? तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात! चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी वीस वर्षांचं कर्ज. आपण सगळेच असे हिशेबी, नाही का?

"अव्वा, बँक पस्तीस लाख द्यायला तयार हाय," तो आईला म्हणाला. "हप्ता तीस हजार, पगार बावन्न. बसतंय की!"

अव्वा म्हणजे सुंदरम्मा ज्वारी निवडत होत्या. "बँक किती देती ते बँकेनं बघितलं. आपल्याला किती झेपतं ते कोण बघणार?"

"झेपतंय गं!"

"मग तालीम कर. भाड्याचे नऊ हजार जात्यातच. वरचे एकवीस दर एक तारखेला माझ्या हातात ठेव. तीन महिने जमलं तर घे तीन बेडरूम."

त्याची बायको श्रीदेवी लगेच म्हणाली, "ठरलं!"

पहिला हप्ता मल्लिनाथने ऐटीत दिला. अव्वाने तो ज्वारीच्या डब्यात टाकला. वीस तारखेपासून घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुरू झाली. "हेच खरं जेवण!" तो म्हणाला, पण जरा हळूच.

दुसरा हप्ता दिला आणि त्याच आठवड्यात स्कूटरचं इंजिन बसलं. मुलीच्या शाळेची फीही तेव्हाच आली. मल्लिनाथ डोकं खाजवत आईसमोर उभा राहिला.

"अव्वा, त्यातले आठ हजार दे की. पगार झाला की ठेवतो."

"बँकेच्या साहेबाला बी असंच म्हणणार व्हय?"

श्रीदेवीला हसू आवरेना. मल्लिनाथ आधी चिडला, मग ओशाळला. पंधरा दिवस त्याला धड झोप नव्हती, आणि घर तर अजून घेतलंच नव्हतं!

अव्वाने आठ हजार दिले. मग तिघं हिशेबाला बसली. फी, औषधं, स्कूटर आणि अडीअडचणीची शिल्लक बाजूला काढल्यावर उरले बारा हजार. भाड्याचे नऊ धरून हप्ता एकवीस. म्हणजे दोन बेडरूम, तेही जरा आतल्या गल्लीत.

"लोक काय म्हणतील?" मल्लिनाथ पुटपुटला.

"लोक हप्ता भरत्यात का रं?"

डब्यातले उरलेले पैसे त्याच घराच्या बुकिंगला गेले.

पुढच्या गड्ड्याला अकरा पाहुणे आले. दुपारी जेवून सगळे हॉलमध्ये चादरी अंथरून आडवे झाले. "ऐसपैस हाय की रे घर!" काशम्मा मावशी म्हणाल्या. मल्लिनाथ तर केव्हाच घोरायला लागला होता!

मंडळी, कर्जाचा आकडा बँक सांगते, घराचा आकडा मात्र आपणच काढायचा असतो. आधी तीन महिने हप्ता जगून बघा, मग घर घ्या. ज्या घरात गाढ झोप लागते, तेच आपल्या मापाचं घर!