हाडं आधी, चरबी मागाहून

पशुपालक गटानं सभासदांना वाटलेल्या देवणी जातीच्या कालवडी एकूण सात होत्या. सगळ्या वीस महिन्यांच्या आत-बाहेर, सगळ्यांना गटाकडून पेंड सारखीच. सहा गोलमटोल, पाठीवर हात ठेवला की मऊ लागणाऱ्या. सातवी भिमाबाईची हरणी. तिचे पाय लांब, खुब्याची हाडं वर आलेली, आणि तीन बरगड्या लांबूनही मोजता येणाऱ्या.

गटप्रमुख लिंबाजीनं पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "सहा जणांकडं पेंड अंगाला लागती, मग भिमाबाईकडंच कुठं जाती? हरणी परत घ्यावी म्हणतो. पुढच्या वाटपात यांचं नाव नको."

"म्या उपाशी ऱ्हाईन अण्णा, पर तिला न्हाय ठिवायची," भिमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण पदर हातात घट्ट धरलेला होता.

त्यांची भाची चैताली नुकतीच जनुकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. तिनं मालकांना विचारून सातही कालवडींच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले आणि आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. वाढीशी निगडित असलेल्या एका जनुकाचं हरणीतलं रूप बाकी सहाजणींहून वेगळं निघालं.

"हिचं अंग आधी हाडं वाढवतं, चरबी मागाहून धरतं," पारावर कागद उघडून ती म्हणाली. "तुमच्या कालवडी चरबी लवकर धरतात. पेंड तीच, काका."

"कागद गाभण ऱ्हातो का गं, पोरी?" लिंबाजी म्हणाला. पार खो खो हसला.

चैतालीही हसली. "न्हाय राहत. कालवड गाभण राहते ती वजनावर. म्हणून कळंबच्या अडतीवर जाऊ. तुमच्या ढवळीला आणि हरणीला काट्यावर चढवू. हरणी हलकी भरली तर तिथूनच घेऊन जा. जड भरली तर आत्याचं नाव राहील, आणि ते तुम्ही याच पारावर सांगाल."

"कबूल. ढवळीकडं बघ की जरा. भोपळा हाय भोपळा."

घरी येताना चैतालीनं तो कागद पुन्हा उघडून पाहिला. एक जनुक म्हणजे सगळं अंग नव्हे, हे तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात हरणी आत्याच्या हातून जाण्याची पैज तिनंच लावली होती.

ठरल्या सकाळी दोन्ही कालवडी उपाशी आणायच्या होत्या. टेम्पोतून उतरलेल्या ढवळीच्या तोंडावरून मात्र पाणी गळत होतं.

"तहानली होती," लिंबाजी दुसरीकडं बघत म्हणाला. "दोनच बादल्या."

म्हणजे वीस किलो. भिमाबाई कानाशी लागल्या, "आपल्या हरणीला बी पाज की गं."

"नको आत्या. कोरडीच चढू दे."

पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर फळ्या टाकल्या. ढवळी डौलात चढली. आकडा हलला, थांबला. दोनशे बारा. लिंबाजीनं मिशीवरून हात फिरवला. हमालही हातातलं काम टाकून जवळ आले.

हरणी एका उडीत वर गेली. भिमाबाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला होता, तो चैतालीनं हळूच बाजूला घेतला. मग ती मागं सरली आणि म्हणाली, "काका, आकडा तुम्हीच वाचा."

लिंबाजीनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला.

"दोनशे एकोणतीस."