पंख्याखालची खुर्ची

बेचाळिसाव्या वर्षी सिस्टरनं कॉलेजात नाव घातलं. लहान मुलांच्या वॉर्डात वीस वर्षं काढली होती, आता बढतीसाठी पदवी हवी होती, आणि रविवारच्या वर्गांत जागा उरली होती ती फक्त समाजशास्त्राची. पहिल्याच महिन्यात मॅडमनी गृहपाठ दिला. कुटुंब, शाळा, कचेरी या सगळ्या संस्था आपल्याला नकळत घडवत असतात, त्या म्हणाल्या. तुमच्या घरातला एखादा न लिहिलेला नियम मोडून बघा आणि काय होतं ते लिहून आणा.

'आमच्या घरात कुठला आलाय नियम,' असं म्हणत सिस्टर घरी आली. संध्याकाळी जेवायला बसताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलाला चार खुर्च्या. पंख्याखालची सासऱ्यांची, त्यांच्या उजव्या हाताला नवऱ्याची, समोर सासूबाईंची आणि गॅसच्या शेगडीला खेटून तिची. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. 'ही जागा तुझी' असं कुणी म्हटल्याचं तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी भात आणि रस्सा टेबलावर ठेवून ती सरळ पंख्याखाली जाऊन बसली. तिनं ताट पुढं ओढलं.

सासूबाई पाण्याचा जग घेऊन आल्या आणि थबकल्या.

"बरं नाही का गं तुला?"

"बरं आहे की."

"मग इथं कशी?"

"सहज."

नवरा आला. बस डेपोत मेकॅनिक, बंद पडलेलं इंजिन आवाजावरून ओळखणारा. पण इथं काय बिघडलंय ते त्याला कळेना. स्वतःची खुर्ची रिकामी असूनही तो उभाच राहिला.

"बाबा कुठं बसणार?"

"ती शेगडीजवळची रिकामी आहे ना."

"ती तुझी आहे."

"माझं नाव आहे का तिच्यावर?"

त्यानं खरंच वाकून पाहिलं.

तेवढ्यात सासरे आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी सुनेकडं पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, आणि शेगडीपाशी जाऊन बसले. सगळे खाली माना घालून जेवू लागले.

"मीठ," नवरा सवयीनं त्या खुर्चीच्या दिशेनं म्हणाला. सासरे उठले, मीठ आणलं. मग रश्श्यासाठी डाव लागला. मग सासूबाईंना गरम भात हवा होता. चौथ्यांदा खाली बसल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, तू जेवतेस कधी?"

"तुमचं सगळ्यांचं झालं की."

नवऱ्याला रश्श्यातला बटाटा एकाएकी फार महत्त्वाचा वाटू लागला.

सिस्टरला राहवेना. तिनं गृहपाठाचं सांगून टाकलं आणि उठू लागली. "या बाबा, तुमच्या जागेवर."

"बस तू. सव्वीस वर्षं त्या पंख्याचा वारा माझ्या टकलावर येतोय. सर्दी काय उगाच होते मला?"

"मग बोलला का नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"वडील गेल्यावर आईनं माझं ताट तिथं मांडलं. मी बसलो. वाटलं, आता आपण त्यांच्यासारखं वागायला हवं. आवाजसुद्धा जड काढायला लागलो."

"त्याआधी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन गाणी म्हणायचात," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, आता माझा कंटाळा आला."

"छे गं. घरातल्या मोठ्या माणसानं गायचं नसतं, असं वाटलं."

"कोण म्हणालं तसं?"

"कुणीच नाही."

त्या आठवड्यात सासूबाईंच्या हुकमानं शेगडीजवळची खुर्ची सिस्टरच्या नवऱ्याकडं गेली. तीन दिवस तो कुरकुरला. चौथ्या दिवशी डेपोतल्या भंगारातून चाकं आणून त्यानं एक गाडा बनवला आणि मीठ, पाणी, डाव, सगळं त्यावर टेबलापाशी आणून ठेवलं. आपल्याला उठायला लागू नये हा हेतू, पण उठणं सगळ्यांचंच वाचलं. बाकी सगळं बदललं असं नाही. पहिलं ताट अजून सासऱ्यांनाच जायचं, आणि कुणाला ठसका लागला की पंख्याखालून सिस्टरच आधी उठायची. तिनं तेही वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचायला लावलं.

सोमवारी वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले. खुर्च्या सरकल्या, सगळ्या नर्सेस उभ्या राहिल्या. सिस्टरही राहिली. उभं राहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हाही न लिहिलेला नियमच, आणि तिला हसू फुटलं.

"काय झालं सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तीन नंबरच्या बाळाचा ताप उतरलाय."