रिकाम्या जागा भरू नका

कुणाला हाक न मारता दिवस कसा काढायचा, यात त्या पोरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. "वेणी घालून मिळेल का?" "डबा भरून झालाय का?" "उद्या चित्रकलेची वही लागणार आहे." सगळं हवेत सोडलेलं, ज्याचं त्याने झेलावं. झेलायची ती तिच्या बाबांची दुसरी बायको. लग्नाला वर्ष होत आलं होतं. आई म्हणणं तर सोडाच, पोरीने तिला साधं 'अगं'सुद्धा म्हटलं नव्हतं.

बाबा बायकोला लाडाने खडेवाली म्हणायचे, कारण ती प्रयोगशाळेत स्फटिक वाढवायची. खडेवालीला पोरीची खडान्‌खडा माहिती होती. दुधावरची साय चालत नाही, झोपताना एकाच पायात मोजा लागतो, दुसऱ्यात नाही. पण आपण हिच्या कोण, एवढं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणून तिचा जीव तुटायचा, हे लपवून काय उपयोग?

जेवणाच्या टेबलाशी, खिडकीजवळची खुर्ची पोरीच्या आईची. ती गेल्यापासून तिथे कुणी बसत नसे. खडेवाली स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घ्यायची. बरं चाललं होतं सगळं, तोवर आत्या राहायला आली. बाई मनाने चांगली, पण मनात आलं की ओठावर आलंच.

"अजून आई म्हणत नाही? तोंड शिवलंय का गं तुझं?" पहिल्याच जेवणाला तिने तोफ डागली. मग मोर्चा भावजयीकडे वळला. "आणि तू काय पाहुण्यासारखी स्टुलावर? त्या खुर्चीत बस हक्काने."

पोर ताट सरकवून उठून गेली. खडेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातून तिच्या मनातही चोर होताच. आत्या बोलली ते तिला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, बाबा कामावर, आणि आत्यापाशी थांबायला पोर काही केल्या तयार होईना.

"प्रयोगशाळेत मुलांना नेतात का?" तिने दाराला विचारलं.

"नेतात," दाराच्या वतीने खडेवाली म्हणाली.

भट्टीशेजारच्या टेबलावर खड्याचा एक काप ठेवलेला होता, नखाएवढा आणि नखाहून पातळ. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, त्यावर टेकलेल्या दोन बारीक सुया, खाली गरम पट्टी. खडेवालीने पोरीला सूक्ष्मदर्शकाशी उंच बसवलं आणि वीज सोडली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका टोकाकडून तपकिरी छटा आत सरकू लागली, गरम पाण्यात चहा उतरावा तशी.

"वीज बंद केली की जाईल?"

"नाही. हा खडा लक्षात ठेवतो. मेंदूसारखी आठवण ठेवणाऱ्या चिप बनवायच्यात ना, म्हणून तर त्याचे एवढे लाड."

"कशाने लक्षात ठेवतो?"

खडेवाली रंगात आली. "याच्या आत ऑक्सिजनचे कण ओळीने बसलेले असतात, वर्गातल्या मुलांसारखे. त्यातले काही उठून गेलेले असतात. वीज दिली की त्या रिकाम्या जागा सरकतात, आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. आपल्यावर काय काय गेलंय, ते खडा त्या जागांवरून ओळखतो."

"शाळेत तर 'रिकाम्या जागा भरा' असतं."

"इथेही भरता येतात. ऑक्सिजनमध्ये तापवला की भरतात. खडा एकदम नितळ. पण मग त्याला काही म्हणजे काही आठवत नाही."

ती बोलून गेली आणि मग तिने स्वतःचं बोलणं ऐकलं. पोर सूक्ष्मदर्शकातून डोळा काढत नव्हती, पण तिचे खांदे ताठ झाले होते.

"मग भरायच्या नाहीत ना?"

"नाही भरायच्या."

"मोठ्या माणसांनी सांगितलं तरी?"

वर्षभर खडेवालीचा डोळा त्याच जागेवर होता. ती सोडली तर आपल्या हाती काय उरेल, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"कुणीही सांगितलं तरी," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवायच्या वेळी आत्याने ती खुर्ची पुसून, मागे ओढून तयारच ठेवली होती. "बस. आज मी ऐकणार नाही." बाबांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. अशा वेळी पुरुषांना भूक फार लागते.

खडेवालीने खुर्ची अलगद टेबलाखाली सरकवली. "ताई, ती जागा हिच्या आईची आहे. ती भरायची नाही. मी शब्द दिलाय."

"आणि तू? जन्मभर स्टुलावर?"

"मला सवय झालीय." ती स्टुलावर बसली. आत्याने तोंड उघडलं आणि, नवलच म्हणायचं, परत मिटलं.

तेवढ्यात पोर उठली. झालं, आजही जेवण टाकून चालली, खडेवालीच्या मनात आलं. पण पोर ताट हातात घेऊन टेबलाला वळसा घालून आली आणि स्टुलाला चिकटून उभी राहिली.

"अगं, सरक ना जरा," ती म्हणाली.

खडेवाली इतकी सरकली की पडता पडता वाचली. तेव्हा पोरीने ताट टेबलावर ठेवून, शेजारी टेकून, एका हाताने तिचा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने जेवायला सुरुवात केली.