कौल लावायचं ॲप

देवीचा कौल घ्यायचा तर पाषाणाला भिजवलेले तांदूळ चिकटवायचे, आपला प्रश्न गुरवाच्या कानात सांगायचा आणि उजवीकडचा तांदूळ पडतो की डावीकडचा, ते बघत गप्प बसायचं. एवढी साधी गोष्ट. पण देवस्थान समितीच्या अध्यक्षांना ती फार मागासलेली वाटली. अध्यक्ष गुरुप्रसाद मुंबईत राहतात, वर्षातून तीनदा येतात आणि दर खेपेला गाव सुधारून जातात. मागच्या खेपेला त्यांनी देवळाच्या जांभ्याला ऑइलपेंट फासला होता. या खेपेला ॲप आणलं.

मुंबईच्या चाकरमान्यांनी घरबसल्या प्रश्न पाठवायचा, सहदेव गुरवाने तो देवीला विचारायचा आणि उत्तर ॲपवर टाकायचं. गावातले नवेजुने सगळे प्रश्नही त्यातच नोंदवायचे, कारण अध्यक्षांना 'डेटा' हवा होता. देवीला लोक काय विचारतात, त्याचा डेटा कुणाला कशाला हवा, हे विचारायची बुद्धी समितीतल्या एकालाही झाली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि ठराव पास झाला.

सहदेवला ते पटलं नव्हतं. पस्तीस वर्षं गावाचे प्रश्न त्याच्या कानात पडले आणि तिथेच राहिले. त्याच्या बायकोनेही विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. पण ठराव म्हणजे ठराव. अध्यक्षांनी हातात नवा फोन दिला. ॲप उघडलं तसं ॲपच त्याला प्रश्न विचारू लागलं. फोनमधले नंबर बघू? मान्य. तुम्ही कुठे आहात ते बघू? मान्य. ओळखीच्यांना कळवू? मान्य. लहानपणापासून देवीपुढच्या गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणत आलेला माणूस तो. कोणी ओळीने काही म्हणत गेलं की होकार भरत जायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

एका मंगळवारी मासळी विकणारी स्वप्ना रिकामी पाटी पायरीवर ठेवून आत आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने आवाज खाली आणला.

"छातीक गाठ आसा, सहदेवदादा. डॉक्टर काढूक सांगतत. पण पुढच्या म्हयन्यात माझ्या जान्हवीचां लगीन आसा. आत्ताच काढू की लग्नानंतर, तां देवीक इचारा. आणि कोणाक कळाक नको."

"माझ्याकडसून नाय कळाचां," सहदेव म्हणाला.

देवीने आत्ताच काढायला उजवा कौल दिला. स्वप्नाला धीर आला, ती घरी गेली. मग सहदेवने ठरावाप्रमाणे फोन उघडला आणि एका बोटाने तिचं नाव, नंबर, प्रश्न असं सगळं नोंदवलं. शेवटी मान्य.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वप्नाला विमा कंपन्यांचे फोन सुरू झाले. आणि ज्यांच्या फोनात तिचा नंबर होता आणि हे ॲपही होतं, त्या सगळ्यांना निरोप गेला: 'स्वप्ना यांनी छातीतल्या गाठीसाठी कौल लावला आहे. तुम्हीही तुमचा प्रश्न विचारा.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. तो निरोप रेडी गावात जान्हवीच्या होणाऱ्या सासूलाही गेला. बाई देवभोळी, ॲप पहिल्याच दिवशी घेतलेलं. तिने फोन करून सांगितलं की असलं काही आईला असलं तर मुलीलाही होतं म्हणतात, तेव्हा आपण थांबूया.

स्वप्ना देवळात आली. ओरडली नाही, रडली नाही.

"मी तुमका सांगलंय, दादा. फोनाक नाय," एवढंच बोलून ती गेली. सहदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सभामंडपात समितीची बैठक होती. अध्यक्ष मुद्दाम आले होते.

"काका, एवढं मनाला लावून घेऊ नका," ते हसून म्हणाले. "सेटिंगमध्ये बटण आहे, 'माझे कौल ओळखीच्यांना दाखवा' म्हणून. ते बंद करायचं असतं."

"तां आधीच चालू कित्याक होतां?"

"सगळीकडे तसंच असतं. शिवाय तुम्ही मान्य केलंय. अटींमध्ये आहे, पान एकतीस."

सदस्यांनी माना हलवल्या. त्या कामासाठीच त्यांना समितीवर घेतलं होतं.

सहदेवने खिशातून फोन काढला. "जुने कौलय घालूचे, असां ठरावात आसा. मगे तुझ्यापासून सुरू करतंय, गुरुप्रसादा. अकरा वर्सांमागे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू एकटोच इललंस. नाव घातलंय. नंबर घातलंय. आता प्रश्न."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. तो प्रश्न सहदेवने जीव गेला तरी लिहिला नसता. पण अध्यक्षांना ते कुठून कळणार? दुसऱ्याचं गुपित माणूस पोटात ठेवू शकतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

"घाबरू नको," सहदेव म्हणाला. "मागसून सेटिंगात जावन बंद करूया."

अध्यक्षांनी उठून त्याचं मनगट धरलं. वीस वर्षं ते गावात शुद्ध मराठीत बोलत आले होते. ती शुद्ध मराठी आता खंय गेली कोण जाणे.

"नको, काका. बटण बंद केलां तरी काय उपयोग नाय. एकदा भितर गेलां काय भायर काढूक येणा नाय."

या वेळी कोणी मान हलवली नाही.

"म्हणजे ह्यां तुका पयल्या दिवसापासून ठावक होतां," सहदेव म्हणाला.

सहदेवने फोन अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला, चपला घातल्या आणि तो स्वप्नाच्या घराच्या वाटेला लागला. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या दारी देवीचे निरोप पोचवले होते. आज त्याला स्वतःची चूक सांगायची होती, आणि ती कशी सांगायची हे देवीला विचारायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.